‘कावून’ गाणारी हीच

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विदर्भ स्नेह मंडळाचे आधारस्तंभ आदरणीय भैय्याजी वैरागडे, प्रमुख पाहुणे म्हणून अगत्यानं आलेले कारखान्याचे निवृत्त महाप्रबंधक माननीय अभिनव देशकर साहेब, महिला शाखेच्या अध्यक्षा सत्यभामाबाई, व्यासपीठावरचे कार्यकारिणीचे सर्व सन्माननीय सदस्य, सेक्टरांतून, रिसालीतून, मरोद्यातून आणि थेट दुर्गहून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आणि मागच्या रांगेत खुर्च्या आडव्या करून बसलेल्या तरुण मंडळींनो, तुम्हा सर्वांना या शीला ठवकरचा नमस्कार.

आत्ताच माझ्या खांद्यावर शाल घातली गेली, हातात नारळ दिला गेला. सत्यभामाबाईंनी माझ्याबद्दल जे चार शब्द सांगितले, ते ऐकताना मला दोनदा मागे वळून पाहावंसं वाटलं, की या कोणाबद्दल बोलून राहिल्या बापा! एवढी गुणाची बाई आपल्या मंडळात होती आणि मला पत्ता नव्हता. असो. निरोपाच्या दिवशी माणूस जरा जास्तच चांगला दिसतो, आणि या प्रेमाबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. कारखान्याच्या कार्मिक विभागात नोकरी केली, भिलाईत आयुष्य गेलं, आता पुढच्या आठवड्यात नागपूरला धाकट्या बहिणीकडे राहायला जाते आहे. या शहरानं मला अन्न दिलं, घर दिलं, आणि आपल्यासारखी माणसं दिली. हे सगळं खरं आहे, आणि ते आधी सांगून टाकते, कारण यानंतर मी जे बोलणार आहे ते ऐकून कोणी म्हणायला नको की शीलाताई जाता जाता कृतघ्न झाल्या.

आज एकाच मांडवात दोन कार्यं आहेत. एक माझा निरोप. दुसरा, आपल्या भिलाईच्या ‘जनरल शिफ्ट’ या रॉक बँडचा सत्कार. त्यांचं ‘का?’ असं विचारणारं ‘कावून’ हे नवं गाणं आणि त्याचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला, वर्तमानपत्रात बातमी आली, म्हणून. हा योग्यच निर्णय आहे. माझ्या मागे हा जो मोठा फ्लेक्स लावला आहे, त्याच्यावरही ते लिहिलेलं आहे : ‘भिलाईची शान, मराठीचा मान’. आणि खाली एका मुलीचा भलामोठा फोटो आहे. गोरी, नाकीडोळी नीटस, आणि गालावर, ओठाजवळ पांढरे डाग. सुंदर फोटो आहे.

सभ्य स्त्रीपुरुषहो, मला एक सांगा. ही मुलगी कोण आहे?

नाही, खरंच विचारते. कोणी ओळखता हिला? कोणत्या सेक्टरची? कोणत्या शाळेत होती? देशकर साहेब, आपण ओळखता? नाही ना. मीही नाही ओळखत. ही मुलगी आजवर भिलाईत आलेली नाही. हिला मराठी येत नाही. हिनं ‘कावून’ गायलेलं नाही. आणि हिच्या गालावर जे डाग आहेत ते रंगाचे आहेत, संध्याकाळी कापसानं पुसून ती घरी गेली.

‘कावून’ जिनं लिहिलं आणि गायलं ती मुलगी तिकडे तिसऱ्या रांगेत, आपल्या आईवडिलांच्या मधे बसली आहे. ती माझी भाची, समृद्धी. माझा भाऊ रूपेश रेल्वेत मालगाडीचा गार्ड, राहणार चरोद्याला. त्याच्या ड्युटीचा ना दिवस ना रात्र, आणि चांगली शाळा इकडे, म्हणून सहावीपासून समृद्धी माझ्या क्वार्टरमध्येच वाढली. तेव्हा मी तिची आत्या आहे, माझं बोलणं पक्षपाती आहे, हे आधीच मान्य. पण पक्षपात करणाऱ्याचंही कधी कधी खरं असतं.

काय म्हणालात पुंडलिकराव? विषयावर या? हाच विषय आहे. दुसरा नाही.

समृद्धी अकरा वर्षांची असताना तिच्या ओठाच्या कडेला एक पांढरा ठिपका आला. मग हातावर, मग डोळ्यांभोवती. डॉक्टरांनी सांगितलं, याला कोड म्हणतात, त्वचेचा रंग जातो, बाकी काही नाही. लागत नाही, दुखत नाही, जिवाला धोका नाही. एवढं साधं वाक्य. पण ते वाक्य डॉक्टरांच्या खोलीतून आपल्या लोकांपर्यंत आजतागायत पोचलेलं नाही. ‘कुठं दाखवलं का?’ ‘आमच्या ओळखीचे एक वैद्य आहेत.’ ‘बिचारी. लग्नाचं कसं होईन?’ हे मी भाजी घेताना ऐकलं, बसमध्ये ऐकलं, आणि क्षमा करा, या सभागृहात सगळ्यांत जास्त ऐकलं.

याच सभागृहात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी तिला परकर-पोलकं घालून आणलं होतं. सगळ्या मुलींच्या हातावर तिळगूळ ठेवला गेला. हिचा नंबर आला तेव्हा हात ओंजळीच्या वर थोडा अधांतरी थांबला आणि वडी वरून टाकली गेली. टाकणारीचं नाव मी घेणार नाही. त्या बाई आता हयात नाहीत, आणि असत्या तरी घेतलं नसतं, कारण त्या दिवशी बाकीच्यांनीही ते पाहिलं आणि कोणी हूं की चूं केलं नाही. येताना स्कूटरवर मागे बसून पोरीनं विचारलं,

“आत्या, त्या काकूनं मले वरून कावून टाकला?”

मी म्हटलं, गर्दी होती बेटा.

“माया पुढच्या मुलीच्या वक्ती बी गर्दीच होती ना. मग मलेच कावून?”

मी स्कूटर चालवत राहिले.

पुढे कॉलेजात तिला दोन मित्र मिळाले. एक हर्षल, आपल्या सेक्टरचाच, तो गिटार वाजवतो. दुसरा मरोद्याचा गौरव साहू, तो ड्रम वाजवतो. गौरवच्या घरामागे एक पत्र्याची शेड आहे, तिथे यांचा सराव चाले. शेजारीपाजारी जनरल शिफ्टला कामावर गेले की तेवढ्या वेळातच वाजवायची परवानगी होती, म्हणून बँडचं नाव ‘जनरल शिफ्ट’. मला रॉक संगीतातलं काही कळत नाही. पहिल्यांदा ऐकायला गेले तेव्हा वाटलं, रोलिंग मिलमध्येच आले. पण त्या दणदणाटाच्या मधे समृद्धीनं तोंड उघडलं आणि माझ्या अंगावर काटा आला. ती गात होती ते आपल्या घरातल्या बोलीत. जी बोली आपण या व्यासपीठावर येताना चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवतो, त्या बोलीत.

“आरश्या रे आरश्या, तू त मले रोजच पाहतं,
तुले नाही भेव वाटत, लोकायले कावून वाटते?”

आणि मग तिघंही एका आवाजात, कावून? कावून? कावून?

ते गाणं त्यांनी फोनवर रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकलं. मुंबईच्या एका कंपनीनं ते ऐकलं. कंपनीचं नाव मी घेत नाही, त्यांना फुकटची जाहिरात कशाला? त्यांचा फोन आला, आम्ही हे गाणं नीट स्टुडिओत रेकॉर्ड करून, व्हिडिओ काढून जगासमोर आणू. पोरांना आकाश ठेंगणं झालं. हर्षल तर मुंबईला कायमचं जायचं म्हणून बॅग भरायलाच बसला. करार झाला. गाण्याचे हक्क कंपनीकडे गेले. वकिलाला दाखवलं होतं. त्यांनी सांगितलं, नव्या पोरांना असंच लिहून द्यावं लागते.

मग व्हिडिओ काढायला मंडळी भिलाईला आली. दिग्दर्शक शुभंकर नावाचे, पुण्याकडचे, मराठीच. बोलायला इतके लाघवी की मी त्यांना घरी बोलावून पाटोडीची भाजी करून घातली. दोनदा वाढून घेतली त्यांनी. मरोद्याच्या तलावाकाठी शूटिंग होतं. जनरेटर, दिवे, छत्र्या, सगळा लवाजमा. मेकअप करणाऱ्या बाई रंगाचा डबा घेऊन समृद्धीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, “बस, थोडा कव्हर कर देते हैं.”

समृद्धीनं विचारलं, “दीदी, आपने गाना सुना?”

“सुना ना. समझा नहीं, मराठी है.”

मग समृद्धीनं त्यांना गाण्याचा अर्थ सांगितला. कडव्यामागून कडवं. त्या बाईंनी ऐकलं, ब्रश धुतला आणि डबा बंद केला. म्हणाल्या, “फिर तो मेरा काम ही नहीं है यहाँ.” त्या बाईंचं नाव मला माहीत नाही, पण कुठे असतील तिथे त्यांचं भलं होवो. आणि आमचे शुभंकरराव? ते टाळी वाजवून म्हणाले, “परफेक्ट! हाच चेहरा हवाय आपल्याला. एकदम ऑथेंटिक.” ऑथेंटिक म्हणजे अस्सल. मी घरी येऊन रूपेशला फोनवर सांगितलं, तुझ्या पोरीला आज कोणीतरी अस्सल म्हटलं रे.

दिवसभर ती उन्हात गायली. पाठमोरी, समोरून, तलावात पाय सोडून, शेडच्या दारात. तिनं मला एकच गोष्ट विचारली, “आत्या, आईबाबाले टीव्हीवर पाहाले बोलवू न?” बोलवू म्हटलं. सगळ्यांना बोलवू.

व्हिडिओ आला त्या दिवशी माझ्या रिसालीच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. हर्षलचे आईवडील, गौरवच्या घरचे, रूपेश रजा टाकून आलेला, माझी भावजय मोना हिनं चिवडा-लाडू केलेले. फोन टीव्हीला जोडला. गाणं सुरू झालं. गिटार, ड्रम, मरोद्याचा तलाव. तलावाकाठी एक मुलगी पाठमोरी उभी, लांब केस. ती समृद्धीच, ओढणी मीच दिलेली. मोना म्हणाली, “हे पाहा, हे पाहा, आपली पोट्टी!” आणि मग ती मुलगी वळली.

वळली ती ही. ही, माझ्या मागची.

वाटलं, कोणी नटी असेल, गोष्टीत असतात तशी. समृद्धी पुढे येईल. ती मुलगी ओठ हलवत होती आणि आवाज आमच्या पोरीचा येत होता. गालावर डाग रंगवलेले, छान, रेखीव, पिंपळाच्या पानासारखे. आरशात पाहते, रडते, मग हसते, मग नाचते. हर्षल दिसला, गौरव दिसला. रूपेश खुर्चीच्या कडेला येऊन बसला होता. गाणं संपत आलं तसा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला,

“ताई, आपली केव्हा येते?”

मी म्हटलं, येईल.

“पुढं असन,” तो म्हणाला.

पुढं काही नव्हतं. पडद्यावर नावं आली आणि टीव्ही काळा झाला.

देशकर साहेब, आपण मोठ्या हुद्द्यावर होतात, मोठे अपघात पाहिले असतील. मी कार्मिक विभागात होते, मीही पाहिले. पण आपली मुलगी कधी येते म्हणून वाट पाहणाऱ्या बापाचा तो चेहरा मला विसरता येत नाही. समृद्धी भिंतीला टेकून उभी होती. ती रडली नाही. तिनं चिवड्याच्या वाट्या गोळा केल्या आणि आत जाऊन धुवायला लागली. एक वाटी किती वेळ धुवावी माणसानं! मोना आत गेली, तिच्या हातातून वाटी घेतली, आणि मग दोघींचा आवाज बाहेर ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी मी शुभंकररावांना फोन लावला. काय सांगू आपल्याला! आवाजात तोच मध. “आंटी, माझा नाइलाज होता. वरून निर्णय झाला. तिचे शॉट्स त्यांना जरा हेवी वाटले. लोक स्क्रोल करून पुढे जातात हो. पण विषय तर तोच ठेवलाय ना आपण? डाग आहेतच की.”

डाग आहेतच की! ऐकलंत? त्यांना डाग हवे होते. डाग असलेली मुलगी नको होती. डाग असे हवे की सुंदर चेहऱ्यावर शोभतील, पाहणाऱ्याला आपण किती उदार आहोत असं वाटेल, आणि खरं कोणाकडे पाहावं लागणार नाही. मी म्हटलं, “अहो, ज्या गाण्यात ती विचारते की मला पाहायला लोकांना भेव कावून वाटते, त्याच गाण्यातून तुम्ही तिला काढून टाकलं?” तर म्हणाले, “आंटी, आवाज तर तिचाच आहे ना.”

आवाज काय हवेत लटकतो? आवाजाला गळा असतो, गळ्याला माणूस असतो, आणि त्या माणसाला एक तोंड असते!

त्या नटीची मुलाखत आली. ती म्हणाली, डाग लावून कॅमेऱ्यापुढे उभं राहायला फार हिंमत लागली. तिच्यावर माझा राग नाही. पोटापाण्यासाठी आलेली पोर आहे, तिला कोणी खरं सांगितलंही नसेल. पण खाली लोकांनी लिहिलं होतं, ‘किती धाडसी मुलगी!’, ‘सलाम!’ आमची पोर हे धाडस रोज सकाळी बस पकडताना करते. तिला कोणी सलाम ठोकल्याचं मी पाहिलं नाही.

मग मुलांनी काय केलं ते ऐका. गौरवच्या गच्चीवर तिघं चढले. एक फोन समोर ठेवला आणि गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात गायलं. पूर्ण वेळ समृद्धीचा चेहरा, जवळून, दुपारच्या उन्हात. तो व्हिडिओ त्यांनी टाकला. चार दिवस नाही झाले तर कंपनीनं तो काढून टाकायला लावला. गाणं त्यांच्या मालकीचं आहे म्हणे. म्हणजे तिचं गाणं, तिचा गळा, तिचं तोंड, आणि तिन्ही एकत्र आले की गुन्हा! या न्यायाला काय म्हणावं, अध्यक्ष महाराज? आपण सांगा.

त्यानंतर कंपनीनंच पुन्हा फोन केला. पुढचं गाणं करू, समृद्धीचा फक्त आवाज घेऊ, तिला घरबसल्या रेकॉर्ड करता येईल, हर्षलनं मुंबईला यावं. हर्षलची बॅग तशीच भरलेली होती. मोहाची गोष्ट होती, मी त्याला नाव ठेवलं नसतं. वीस-बावीस वर्षांच्या पोरापुढे मुंबई उभी राहिली तर कोणाचा पाय घसरणार नाही? तो माझ्या घरी आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “आत्या, मी त्यायले नाही म्हटलं. समृद्धी दिसत नसन त मी दिसून काय करू?” मग दोघं खूप वेळ भांडले. समृद्धी म्हणत होती, तू माझ्यापायी थांबू नको, माझी दया करू नको. तो म्हणत होता, “दया कोनाची करून रायलो मी? बँड माहा बी आहे ना!” मला वाटतं त्या भांडणातच बँड वाचला.

आता आपल्याला वाटेल, ताईंचं गाऱ्हाणं कंपनीबद्दल आहे, मंडळाचा काय संबंध? सांगते.

भैय्याजी, आपल्याबद्दल मला मनापासून आदर आहे. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा आपण रोज डबा घेऊन येत होतात. मी हे विसरलेली नाही, आणि म्हणूनच जीव जास्त जळतो. आपण मागच्या महिन्यात घरी आलात, बँडचा सत्कार ठरवला म्हणून सांगितलंत. मी आनंदानं चहा टाकला. आणि मग आपण म्हणालात, “शीलाताई, त्या व्हिडिओतल्या मुलीला बोलावता येईन का? जाण्यायेण्याचं मंडळ पाहीन.”

मी म्हटलं, “भैय्याजी, गाणारी तर आपली समृद्धी आहे. ती आत स्वयंपाकघरात आहे.”

आपण म्हणालात, “ते माहीत आहे हो. पण पाहुणे येतीन, फोटो निघतीन, पेपरात जाईन. सत्कार हर्षलनं घेतला तर बरं दिसन. समृद्धीला समोर बसू द्या, तिचं नाव आपण माइकवरून घेऊ.”

स्वयंपाकघर माझ्या घरात बैठकीला लागूनच आहे. तिनं ते सगळं ऐकलं. आणि चहा तिनंच आणून आपल्या हातात दिला, भैय्याजी. आपण घेतलात, छान झाला म्हणालात.

मुंबईच्या माणसानं तिला ओळखलं नाही, हे एकवेळ समजू शकते. तो धंदा करतो. पण आपण? ही आपल्या गणपतीत अथर्वशीर्ष म्हणत मोठी झाली. हिनं या सभागृहाच्या फरशीवर रांगोळ्या काढल्या. आणि आपण हिच्याच सत्काराच्या फ्लेक्सवर हिचे रंगवलेले डाग लावले आणि ही नाही लावली! सत्यभामाबाई आज दारात मला म्हणाल्या, “त्या मुलीवर ते डाग किती शोभून दिसतात!” बाई, आपण मनानं वाईट नाही, मला माहीत आहे. पण जे दुसरीवर शोभतात ते हिच्यावर पाहताना आपली नजर खाली का जाते? कावून?

हं. चुळबूळ होते आहे. होऊ द्या. आयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे की वेळ कमी आहे. माझ्यापाशी एक शेवटचा प्रसंग आहे, तो सांगते आणि थांबते.

गेल्या महिन्यात राजनांदगावच्या एका कॉलेजात यांचा कार्यक्रम होता. मी सोबत गेले होते. पोरंपोरी व्हिडिओ पाहून आलेली, खचाखच भरलेलं मैदान. समृद्धी माइकपाशी आली आणि समोरून आरडाओरडा सुरू झाला, “असली वाली कहाँ है? असली वाली को बुलाओ!” कोणी शिट्ट्या मारल्या. गौरवनं काठ्या खाली ठेवल्या, तो उठलाच होता मारामारीला. समृद्धीनं हातानं त्याला बसवलं. माइक धरला आणि म्हणाली, “असली वाली ही आई है. जो देखा था, वो रंग था.”

आणि गायला लागली. काही पोरं उठून गेली, खोटं कशाला सांगू? पुढच्या रांगेतल्या दोघी आपसात हसत होत्या. दुसऱ्या कडव्यापर्यंत त्यांचं हसणं थांबलं. तिसऱ्या वेळी ‘कावून’ आलं तेव्हा मागून एका कोपऱ्यातून काहीतरी वेगळंच ऐकू आलं. मला आधी वाटलं, टिंगल करून राहिले. गौरव मात्र ड्रम वाजवता वाजवता हसायला लागला. तो छत्तीसगढी आहे, त्याला कळलं. पोरं ओरडत होती, “काबर? काबर? काबर?” छत्तीसगढीत आपल्या ‘कावून’ला ‘काबर’ म्हणतात. त्यांनी गाण्याचा अर्थ आपसात लावला होता आणि ते आपल्या भाषेत विचारत होते. ती म्हणायची ‘कावून’, सगळं मैदान म्हणायचं ‘काबर’. कार्यक्रम संपल्यावर सेल्फी काढायला पोरी आल्या. एकीनं तिचा हात हातात घेतला, तिचे डाग नीट पाहिले आणि सरळ विचारलं, “दुखथे का दीदी?” समृद्धी म्हणाली, “नहीं.” ती पोर म्हणाली, “त बने हे,” म्हणजे मग बरं आहे, आणि हात तसाच धरून फोटो काढला.

त्या परक्या पोरीला जे एका क्षणात विचारता आलं, ते आपल्याला इतक्या वर्षांत विचारता आलं नाही.

कंपनीनं पुढे एवढंच केलं, की व्हिडिओखाली गायिका म्हणून समृद्धीचं नाव लिहिलं, बारीक अक्षरात. व्हिडिओ तोच आहे, नटी तीच आहे. गाणं अजून त्यांचंच आहे. या मुलांना काही न्याय मिळाला असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी कंपनी सोडली, हर्षलची बॅग रिकामी झाली, आणि शेडमध्ये नवं गाणं बसवणं सुरू आहे. ते कोणाला विकलेलं नाही.

सत्कारमूर्ती म्हणून मला एक विनंती करण्याचा अधिकार आहे, असं मी समजते. यापुढचा कार्यक्रम बँडचा सत्कार. मानपत्र हर्षलच्या हातात द्यायचं ठरलं आहे. हर्षलनं मला सांगितलं आहे की तो हात पुढे करणार नाही. गौरवनंही तेच सांगितलं. तेव्हा भैय्याजी, मी आपल्या वयाचा मान ठेवून, हात जोडून सांगते, आपण खाली उतरून तिसऱ्या रांगेपर्यंत चालत जा, आणि त्या मुलीला वर घेऊन या. नाव घेऊन बोलवा. फोटोग्राफरला सांगा, जवळून काढ.

मंडळानं मला जे प्रेम दिलं त्याबद्दल अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, कार्यकारिणी, ज्यांनी सकाळपासून खुर्च्या मांडल्या ते कार्यकर्ते, आणि मागे आलूबोंड्याचा घाणा सांभाळत असलेल्या भगिनी, या सर्वांची मी आभारी आहे. वेळ जास्त घेतला. आवाज चढला. निरोपाच्या प्रसंगी जे बोलू नये ते बोलले. वयानं मोठ्या माणसांना भर सभेत सुनावलं. माझ्या या सगळ्या अमर्यादेबद्दल आपण मोठ्या मनानं मला पदरात घ्यावं, ही प्रार्थना. माझ्याकडून झालेल्या चुकांची माफी मी मागितली. आपल्याकडून झालेल्या चुकीची माफी माझ्याकडे मागू नका, मी ती देऊ शकत नाही.

जिच्याकडे मागायची ती उठून उभी राहिली आहे. भैय्याजी, जा, तिला आणा.

धन्यवाद.